लाकडी कोळशाच्या डब्यात केस हार्डनिंग: मऊ पोलादाच्या पिनवर मिलिमीटरभर कडक थर कसा आणायचा

पिन, बुश, कॅम, गियर यांच्याकडून आपण एकाच वेळी दोन उलट गोष्टी मागतो. पृष्ठभाग घासला गेला तरी झिजू नये म्हणून तो कडक हवा आणि जोराचा धक्का बसला तरी तुकडा पडू नये म्हणून गाभा चिवट हवा. ०.२ टक्के कार्बनचं पोलाद चिवट असतं, पण त्याला कितीही पाणी दिलं तरी कानस त्यावर चालतच राहते. ०.८ टक्के कार्बनचं पोलाद काचेसारखं कडक होतं, पण पिन म्हणून लावलं तर पहिल्याच दणक्याला मोडू शकतं. यावरचा उपाय म्हणजे मऊ पोलादाचा भाग बनवायचा आणि फक्त त्याच्या कातडीत कार्बन घुसवायचा. हेच कार्ब्युरायझिंग, आणि कार्बन शिरलेल्या या बाहेरच्या थराला केस म्हणतात.

इथे सांगितलेली पद्धत डब्यातली, म्हणजे पॅक कार्ब्युरायझिंगची आहे. गॅसची सील केलेली भट्टी ज्यांच्याकडे नाही, पण ९५० अंश सेल्सिअसपर्यंत जाणारी मफल भट्टी (बंद कप्प्याची भट्टी) आहे, अशा शिरोली, भोसरी किंवा सातपूरच्या छोट्या वर्कशॉपलाही ती जमते. पायऱ्या समजायला सोप्या जाव्यात म्हणून एकच भाग शेवटपर्यंत सोबत ठेवू: २०एमएनसीआर५ पोलादाची, तयार व्यास २५ मिमी आणि एकूण लांबी १३० मिमी असलेली पिन, जिच्या एका टोकाला ३० मिमी लांबीचे एम१६ आटे आहेत.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. डब्यात कडकपणा येत नाही, डब्यात फक्त कार्बन जातो. कडकपणा येतो नंतर, तापलेला भाग तेलात किंवा पाण्यात झटकन थंड केल्यावर, म्हणजे क्वेंच केल्यावर. ही दोन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतात. भाग मऊ निघाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कार्बन कमी गेला की क्वेंच चुकला? याचं उत्तर न शोधता भाग पुन्हा डब्यात भरणं म्हणजे कोळसा आणि वीज दोन्ही वाया घालवणं.

डब्यात काय घडतं

कोळशाचा दाणा पोलादाला टेकतो आणि कार्बन आत जातो, असा समज बराच पसरलेला आहे. खरं काम वायू करतो. डब्यातल्या हवेतला ऑक्सिजन कोळशाशी मिळून आधी कार्बन डायऑक्साइड आणि मग कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा मोनॉक्साइड तापलेल्या पोलादावर फुटतो, कार्बन पोलादात सोडतो आणि पुन्हा डायऑक्साइड होतो. तो डायऑक्साइड कोळशाशी भेटून पुन्हा मोनॉक्साइड होतो. हे चक्र तासन्‌तास चालू राहतं. मिश्रणात घातलेलं बेरियम कार्बोनेट किंवा सोडा ॲश (धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट) तापल्यावर कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि चक्राला वेग देतं. नुसत्या कोळशानेही कार्बन जातो, पण सावकाश आणि असमान.

तापमान ९०० ते ९३० अंश ठेवण्याचं कारण पोलादाच्या रचनेत आहे. ७२७ अंशांखालच्या फेराइटमध्ये (पोलादाची थंड असतानाची मऊ रचना) जेमतेम ०.०२ टक्के कार्बन विरघळतो. ९२५ अंशांना पोलाद ऑस्टेनाइट (तापल्यावर बनणारी रचना) झालेलं असतं आणि त्यात सुमारे १.३ टक्के कार्बन मावतो. त्याहून वर गेलं तर वेग वाढतो, पण पोलादाचे कण मोठे होतात आणि डबा जळून जातो. मफल भट्टीसाठी ९२५ हा सोयीचा आकडा आहे.

पोलाद निवडताना

०.१ ते ०.२३ टक्के कार्बनचं पोलाद घ्या. साध्या कामाला ईएन३२ चालतं. त्याला पाण्यातच क्वेंच करावं लागतं, त्यामुळे लांब आणि बारीक भाग वाकतात. १६एमएनसीआर५, २०एमएनसीआर५ आणि एसएई ८६२० तेलात कडक होतात आणि पिन-गियरसाठी हीच निवड समंजस आहे. धक्क्याचं जड काम असेल तर ईएन३५३ किंवा ईएन३६ घ्या, त्यातल्या निकेलमुळे गाभा चिवट राहतो.

ईएन८ किंवा ईएन९ डब्यात घालू नका. त्यांच्यात ०.४ ते ०.५५ टक्के कार्बन आधीच असतो. केस तर तयार होईल, पण क्वेंच केल्यावर गाभाही कडक होईल आणि ज्या चिवटपणासाठी एवढा खटाटोप केला तोच जाईल. ईएन८ला इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या कॉइलने फक्त पृष्ठभाग तापवून कडक करणं) द्यावं. भंगारातला, ग्रेड माहीत नसलेला बार या कामाला घेऊच नका. आठ-दहा तासांची भट्टी जाळल्यावर पोलाद चुकीचं निघालं, तर त्यावर काहीच उपाय उरत नाही.

काळा बार असेल तर बाहेरची १.५ ते २ मिमी कातडी लेथवर काढून टाका, कारण रोलिंगमध्ये तिच्यातला कार्बन उडालेला असतो आणि बारीक चिरा असू शकतात. ब्राइट बारमध्ये ओढकामाचा ताण साठलेला असतो, तो भट्टीत सुटतो आणि पिन वाकते. असा बार आधी ९०० ते ९२० अंशांना नॉर्मलाइज करून (तापवून हवेत थंड होऊ देऊन) मगच मशिनिंगला घ्या.

खोली आधी ठरवा, तास नंतर

केस किती खोल हवी हे भागाचं काम ठरवतं. पिन-बुशला साधारण ०.८ ते १.२ मिमी, गियरला मॉड्यूलच्या (दात्याच्या आकाराचं माप) ०.१५ ते ०.२ पट. जास्त खोल केस म्हणजे जास्त चांगली, असं नाही. बारीक भागात केस दोन्ही बाजूंनी वाढत गेली तर चिवट गाभा उरतच नाही.

खोलीचे दोन आकडे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एकूण खोली म्हणजे कार्बन जिथपर्यंत पोचला ती. परिणामकारक खोली म्हणजे क्वेंचनंतर कडकपणा ५५० विकर्सपर्यंत (विकर्स हे कडकपणाचं एक माप) उतरतो तिथपर्यंतची. दुसरी पहिलीच्या साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश असते. ड्रॉइंगवर बहुधा दुसरी लिहिलेली असते आणि खाली दिलेला हिशेब पहिलीचा आहे.

एकूण खोली वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. तासांचं वर्गमूळ काढा आणि त्याला ९२५ अंशांसाठी ०.६३५ने, ९०० अंशांसाठी ०.५३३ने, ८७० अंशांसाठी ०.४५७ने गुणा. उत्तर मिलिमीटरमध्ये मिळतं.

२ तास: ९२५ अंशांना ०.९० मिमी, ९०० अंशांना ०.७५ मिमी
४ तास: १.२७ मिमी, १.०७ मिमी
६ तास: १.५६ मिमी, १.३१ मिमी
८ तास: १.८० मिमी, १.५१ मिमी

म्हणजे खोली दुप्पट करायची तर वेळ चौपट लागतो.

आता आपली पिन. ग्राइंडिंगनंतर ०.८ मिमी परिणामकारक केस उरायला हवी. ग्राइंडिंगला व्यासावर ०.३ मिमी, म्हणजे एका बाजूला ०.१५ मिमी ठेवतो. म्हणून ग्राइंडिंगआधी ०.९५ मिमी हवी. परिणामकारक खोली एकूण खोलीच्या ६० टक्के धरली तर एकूण १.६ मिमी येते. ९२५ अंशांना त्यासाठी सुमारे साडेसहा तास लागतील, ९०० अंशांना नऊ तास. हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे. खरा आकडा तुमची भट्टी आणि तुमचं मिश्रण सांगेल आणि तो डब्यात सोबत ठेवलेल्या चाचणी-सळईवरून कळेल.

डब्यात एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत केसमध्ये पाव मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून ०.६ मिमीहून पातळ केससाठी ही पद्धत वापरू नये. ते काम गॅस भट्टीचं किंवा कार्बोनायट्रायडिंगचं (कार्बनसोबत नायट्रोजनही घुसवण्याची पद्धत). सायनाइडच्या बाथचा विचारही छोट्या वर्कशॉपने करू नये. ते विष प्राणघातक आहे.

मऊ ठेवायचे भाग

आट्यांवर केस बसली की आटे ठिसूळ होऊन तुटतात. ते मऊ ठेवायचे तीन मार्ग आहेत: ०.०२ ते ०.०३ मिमी तांब्याचा मुलामा, बाजारात मिळणारा किंवा फायरक्ले आणि सोडियम सिलिकेटचा लेप, आणि जास्तीचा माल ठेवून नंतर तो काढून टाकणं. लेप वाळताना तडकतो आणि कार्बन त्या भेगेतून आत जातो. मुलाम्यात टाचणीएवढं छिद्र राहिलं तरी तेच होतं. तिसरा मार्ग सर्वांत खात्रीचा, आणि डब्याच्या पद्धतीत तो अगदी सोपा, कारण भाग डब्यातच सावकाश थंड होतो आणि मऊ, लेथवर चालेल असा बाहेर येतो.

आपल्या पिनचं आट्यांचं टोक म्हणून १६ मिमी न ठेवता २० मिमी ठेवायचं. १.६ मिमी केस आणि वर ०.३ मिमी खात्रीसाठी, असं दोन्ही बाजूंना मिळून ३.८ मिमी होतं. डब्यातून निघाल्यावर ते टोक १६ मिमीला उतरवून आटे पाडायचे आणि मगच क्वेंच करायचं. मग आटे गाभ्याइतकेच कडक होतात, त्याहून नाही. बाकी पिन २५.३ मिमीला ठेवा. सेंटर होल फायरक्लेने बुजवा, पुढे ग्राइंडिंगला ती स्वच्छ हवी असतात.

मिश्रण

कोळसा लाकडीच घ्या, बाभळीसारख्या कठीण लाकडाचा. दगडी कोळसा किंवा कोक नको, त्यातलं गंधक पोलादात शिरतं. कोळसा फोडून चाळा. दाणे तुरीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे, म्हणजे ४ ते ८ मिमी हवेत. भुकटी काढून टाका. ती खाली दाटून बसते, वायूला फिरू देत नाही आणि त्या जागी केस पातळ येते.

साध्या वर्कशॉपसाठी कृती अशी: १ किलो कोळसा, १०० ग्रॅम सोडा ॲश, ४० ग्रॅम चुनखडीची पूड. सोडा ॲश ४०० मिली गरम पाण्यात विरघळवा, कोळशावर शिंपडत हलवत राहा, पूड वरून भुरभुरा. पूड दाण्यांना चिकटून राहावी म्हणून त्या पाण्यात दोन चमचे मळी घालता येते, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ती सहज मिळते. मग १२० ते १५० अंशांना वाळवा आणि दर तासाला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की मिश्रण वाळलं. ही पायरी टाळू नका. ओलं मिश्रण बंद डब्यात तापलं की वाफेने सील फुटतं, आणि त्या वाफेमुळे पोलादाचा पृष्ठभागही खराब होतो.

बेरियम कार्बोनेट सोड्याहून जास्त टिकतं आणि १० ते १२ टक्के घातलं तर केसही जास्त एकसारखी येते. पण ते विषारी आहे, उंदीर मारायलाही वापरलं गेलेलं. पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. वापरायचंच असेल तर मास्क आणि हातमोजे घालून, खाण्यापिण्यापासून दूर, आणि धुतलेलं पाणी गटारात न सोडता. छोट्या कामाला सोडा ॲश पुरतो. त्याची एक खोड आहे: तो ८५१ अंशांना वितळतो, त्यामुळे भागावर पांढुरकी खपली जमते. गरम पाण्यात घासली की ती निघते.

कोळसा जळत गेला तरी वापरलेलं मिश्रण फेकू नका. चाळून भुकटी काढा आणि पुढच्या वेळी तीन भाग जुनं, एक भाग नवं असं मिसळा. पूर्ण नवं मिश्रण फार तेज असतं. लांबच्या कामात ते कातडीत १ टक्क्याहून जास्त कार्बन कोंबतं. आपल्याला ०.८ ते ०.९ टक्के हवा आहे. जास्त कार्बनचे दुष्परिणाम पुढे येतील.

डबा आणि भरणी

डबा ५ ते ६ मिमी एमएस प्लेट वेल्ड करून बनवता येतो. प्रत्येक भट्टीत त्याची पापुद्र्यागणिक झीज होते आणि थोड्या कामांनंतर भिंत वाकते. रोजचं काम असेल तर ३१० स्टेनलेसचा डबा महाग पडूनही शेवटी परवडतो. आकार भागापुरताच ठेवा. कोळसा उष्णता फार सावकाश पुढे नेतो, त्यामुळे मोठ्या डब्यात कडेचे भाग शिजतात आणि मधले कच्चे राहतात.

आपल्या चार पिनांसाठी आतून १५० बाय १५० बाय २०० मिमी डबा पुरतो. मिश्रण सव्वा किलोच्या आसपास लागतं. पिना आधी रॉकेलने, मग गरम सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरड्या करा. तेलाचा किंवा गंजाचा डाग म्हणजे नंतरचा मऊ डाग. तळाला २५ मिमी थर द्या आणि ठोकून बसवा. पिना उभ्या ठेवा, आडव्या ठेवल्या तर ९२५ अंशांना स्वतःच्या वजनानेही वाकू शकतात. दोन पिनांमध्ये आणि भिंतीपासून २५ ते ३५ मिमी जागा ठेवा. मिश्रण भरताना डब्याला बाहेरून हलके ठोके द्या, म्हणजे पोकळी राहत नाही. पिनांवर ४० ते ४५ मिमी थर हवा, कारण कोळसा जळून मिश्रण खाली बसतं आणि वरची टोकं उघडी पडतात. टोकाला केस आली नाही असं दिसलं तर दहातल्या नऊ वेळा कारण हेच असतं.

झाकणाला १० ते १२ मिमीची दोन-तीन छिद्रं पाडा आणि त्यातून २०एमएनसीआर५च्याच ८ मिमी चाचणी-सळया मिश्रणात ६० ते ७० मिमी आत सोडा. एका छिद्रातून तळ बंद असलेली नळी मध्यापर्यंत घातली तर त्यात के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) ठेवता येतं. झाकणाची फट आणि सळयांभोवतीची जागा फायरक्लेच्या घट्ट लगद्याने बुजवा, रात्रभर वाळू द्या आणि तडे दिसले तर पुन्हा लिंपा. डबा पूर्ण हवाबंद करायचा नाही, आतला वायू लिंपलेल्या मातीतून निघू शकला पाहिजे. सगळीकडून वेल्ड केलेला डबा फुटू शकतो.

भट्टीतले तास

डबा थंड भट्टीत ठेवून सावकाश तापवा. ३०० अंशांपर्यंत अर्धा-पाऊण तास घ्या, म्हणजे लिंपण तडकत नाही. ७०० अंशांनंतर फटींतून निळी ज्योत दिसेल. ती जळणारा कार्बन मोनॉक्साइड आहे. थोडी ज्योत ठीक. ज्योत मोठी होऊन ठिणग्या येऊ लागल्या तर फट उघडली आहे आणि कोळसा जळतो आहे. तिथे लगदा दाबा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस गुंगून पडेपर्यंत त्याला कळतही नाही. भट्टी बंद खोलीत चालवू नका. वर धुराडं आणि समोरासमोर उघडी दारं हवीत, आणि मोनॉक्साइडचा अलार्म लावा. डोकं जड झालं तर आधी बाहेर पडा, भट्टीचं नंतर बघा.

तास केव्हापासून मोजायचे, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. भट्टीच्या मीटरवर ९२५ आलं म्हणजे डब्याच्या मध्यावर ९२५ आलं, असं नव्हे. १५० मिमी डब्याला मीटर स्थिर झाल्यावरही दोन तासांच्या आसपास लागू शकतात. नळीत थर्मोकपल असेल तर मध्याचं तापमान ९१५ ओलांडल्यावर घड्याळ सुरू करा. नसेल तर एक चाचणी-सळई ओढून तिचा रंग भट्टीच्या भिंतीशी जुळतो का ते पाहा. चुंबक इथे काही सांगत नाही, पोलाद ७७० अंशांनाच चुंबकाला सोडतं.

साडेसहा तासांचं काम असेल तर पाचव्या तासाला दुसरी सळई काढा, भोक लगेच बुजवा. सळई तापलेली असतानाच तेलात बुडवा आणि व्हाइसमध्ये धरून मोडा. मोडलेल्या तोंडाकडे भिंगातून पाहिलं तर कडेला बारीक, रेशमी, करड्या रंगाची रिंग दिसते आणि आत तंतूसारखा, गडद, फाटल्यासारखा गाभा. रिंगची रुंदी मोजा. ती हवी तेवढी नसेल तर वर्गमुळाच्या हिशेबाने उरलेला वेळ काढा.

वेळ संपल्यावर भट्टी बंद करा. डबा भट्टीत किंवा बाहेर, पण झाकणासकट थंड होऊ द्या. हात लावता येईल एवढा निवल्यावरच उघडा. तापलेला डबा उघडला तर कोळसा पेटतो आणि पिनांवरचा कार्बन हवेत जळतो. डब्यातून लाल पिन काढून थेट तेलात टाकायचा मोह टाळा. मिश्रणातून शोधून काढेपर्यंत पिन निवते, कण मोठेच राहतात आणि केसमध्ये न बदललेला ऑस्टेनाइट भरपूर उरतो.

क्वेंच

आता आट्यांचं टोक १६ मिमीला उतरवा, आटे पाडा आणि पिना पुन्हा तापवा. २०एमएनसीआर५ला ८०० ते ८२० अंश आणि तेल. ईएन३२ला ७८० ते ८०० अंश आणि मिठाचं पाणी, १० लिटरला अर्धा ते एक किलो मीठ. साध्या पाण्यात भागाभोवती वाफेचं आवरण बसतं आणि मऊ डाग पडतात, मीठ ते आवरण तोडतं. पिन पूर्ण तापल्यावर २० ते २५ मिनिटं पुरतात. उघड्या भट्टीत कातडीतला कार्बन उडू नये म्हणून पिना वापरलेल्या कोळशाच्या उघड्या ट्रेमध्ये ठेवा किंवा स्टेनलेसच्या पातळ फॉइलमध्ये गुंडाळा. फॉइल वापरली तर क्वेंच करताना ती झटकन काढता आली पाहिजे, नाहीतर तेल भागापर्यंत पोचतच नाही.

गाभ्याला जास्त ताकद हवी असेल तर दोन वेळा क्वेंच करतात: पहिल्यांदा ८७० ते ९०० अंशांवरून गाभ्याचे कण बारीक करायला, दुसऱ्यांदा ७८० ते ८०० वरून केससाठी. वाकण्याचा धोकाही दोनदा येतो. साध्या पिनला याची गरज नाही.

तेल क्वेंचिंगचंच घ्या. इंजिनाचं जुनं तेल एकसारखं थंड करत नाही आणि धूर घाण असतो. एक किलो पोलादाला ८ ते १० लिटर तेल, ५० ते ७० अंशांना तापवलेलं. थंड तेल घट्ट असतं आणि उलट सावकाश थंड करतं. तेलात पाणी असता कामा नये: तळाशी साचलेलं पाणी उकळून पेटतं तेल बाहेर फेकतं. टाकी लोखंडाची, झाकण हाताशी, कोरड्या पावडरचा अग्निशामक जवळ, आणि आगीवर पाणी कधीच नाही. लांब सांडशी, तोंडावर शील्ड, सुती कपडे.

पिन उभी, एका दमात, पूर्ण बुडवा आणि वर-खाली हलवत राहा. तिरकी टाकली तर एक बाजू आधी आकसते आणि पिन धनुष्यासारखी वाकते. अर्धी बुडवून थांबलात तर ज्वाला त्या तापलेल्या अर्ध्या भागावरच लागते.

टेंपर आणि ग्राइंडिंग

पिन हाताला कोमट लागेपर्यंत निवली की तासाभराच्या आत १६० ते १८० अंशांना दोन तास टेंपर करा, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवा. “उद्या सकाळी करू” म्हणून रात्रभर ठेवलेल्या भागात आपोआप चीर पडू शकते. टेंपरनंतर पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल सी मापाने कडकपणा) हवा. २०० अंशांच्या वर गेलात तर कडकपणा दोन-तीन आकड्यांनी उतरतो.

ग्राइंडिंगला मऊ ग्रेडचं व्हील, भरपूर कूलंट आणि एका पासला ०.०१ ते ०.०२ मिमी. जास्त खाल्लं तर पृष्ठभाग जळतो: वरून चकचकीत दिसतो, पण नायटालने (अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक ॲसिड) पुसलं की काळे पट्टे उमटतात आणि पुढे तिथूनच चिरा जातात. पिन वाकली असेल तर ग्राइंडर एका बाजूची केस जास्त खातो. म्हणून ग्राइंडिंगआधी डायलवर रनआउट, म्हणजे पिन फिरवताना काटा किती हलतो ते पाहा. ०.१ मिमीहून जास्त असेल तर आधी सरळ करा, तेही टेंपरनंतरच.

मोजमाप

कानस घसरली म्हणजे पृष्ठभाग कडक, एवढंच कळतं. रॉकवेल सी मशीन १५० किलोचा दाब देतं. केस ०.७ मिमीहून पातळ असेल तर हिऱ्याचं टोक ती फोडून गाभ्यात जातं आणि आकडा खोटा, कमी येतो. अशा वेळी कमी दाबाचं रॉकवेल ए किंवा १५एन वापरा.

खोली पाहायला चाचणी-सळई कापून पॉलिश करा आणि ३ टक्के नायटाल लावा: ९७ मिली अल्कोहोलमध्ये ३ मिली नायट्रिक ॲसिड, थेंब-थेंब, नेहमी ॲसिड अल्कोहोलमध्ये. घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नका, लागेल तेवढंच बनवा. केस गडद दिसते, दहापट भिंगाने मोजता येते. ड्रॉइंगवर परिणामकारक खोली मागितली असेल तर मायक्रो-विकर्सशिवाय (सूक्ष्म दाबाने विकर्स कडकपणा मोजणारं मशीन) पर्याय नाही, सळई लॅबमध्ये पाठवा.

बिघाड झाला तर

सगळा भाग मऊ असेल तर चाचणी-सळईच्या कापलेल्या तोंडावर नायटाल लावा. गडद रिंग असेल तर कार्बन गेला आहे, क्वेंच चुकला: तापमान कमी पडलं किंवा तेलात जायला उशीर झाला. पुन्हा तापवून क्वेंच करा, डब्याची गरज नाही. रिंगच नसेल तर मिश्रण मेलेलं होतं किंवा मध्यावर ९२५ पोचलंच नाही.

ठिकठिकाणी मऊ डाग असतील तर तेलकटपणा, गंज, दोन भाग एकमेकांना टेकणं किंवा वाफेचं आवरण ही कारणं.

कार्बन भरपूर, क्वेंच नीट, तरी कडकपणा ५२ ते ५५ वर अडकला आणि कानस किंचित लागते, हे उरलेल्या ऑस्टेनाइटचं लक्षण. कातडीत कार्बन जास्त किंवा क्वेंचचं तापमान जास्त. ७८० ते ८०० वरून पुन्हा क्वेंच केल्यावर बहुधा सुधारतं. नाहीतर उणे ७० अंशांच्या खाली थंड करून पुन्हा टेंपर करावं लागतं.

कडा तुटत असतील किंवा ग्राइंडिंगला जाळीसारख्या चिरा आल्या, तर कणांच्या कडेने कार्बाइडची (लोखंड आणि कार्बनचं ठिसूळ संयुग) जाळी बसली आहे. पूर्ण नवं मिश्रण, फार लांब वेळ आणि सावकाश थंडावा हे तिन्ही एकत्र आले की हमखास होतं. पुढच्या वेळी जुन्याचं प्रमाण वाढवा. झालेल्या भागाला ९०० अंशांवरून तेलात क्वेंच करून मग नेहमीचा क्वेंच दिला तर जाळी काही प्रमाणात मोडते.

केसचे पापुद्रे सुटत असतील तर केस आणि गाभा यांच्यातला बदल अचानक झाला आहे. कमी तापमानाला तेज मिश्रणात थोडा वेळ ठेवलं की असं होतं. वेळ वाढवा, मिश्रण सौम्य करा.

बाहेर काम देताना

महिन्याला पन्नासेक पिनांवर काम गेलं की डबा परवडत नाही. तेव्हा गॅस कार्ब्युरायझिंगच्या जॉबवर्कला द्या, पण “केस हार्ड करा” एवढंच चलनावर लिहू नका. आपल्या पिनसाठी असं लिहा: पोलाद २०एमएनसीआर५, परिणामकारक केस ५५० विकर्सला ०.९५ ते १.१५ मिमी, ग्राइंडिंगआधी, पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी, २० मिमी व्यासाच्या टोकावर आटे पाडायचे आहेत, म्हणून कार्ब्युरायझिंगनंतर सावकाश थंड करून भाग परत द्यावेत आणि आटे पाडल्यावर क्वेंच-टेंपरला पुन्हा घ्यावेत, रनआउट ०.१ मिमीपर्यंत. सोबत त्याच बारचा एक तुकडा द्या आणि भागांबरोबर तोही कापून, मोजून परत मागा.